शिक्के चार, शिक्षक कोठे?

सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिलेल्या एका निकालाने महाराष्ट्रातील शिक्षकवर्गात जेवढी खळबळ उडविली, तेवढी अलीकडच्या काळात दुसऱ्या कोणत्याही निकालाने उडविली नसेल. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक शिल्लक आहे, त्या सर्वांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेच पाहिजे. न झाल्यास त्यांनी सेवा सोडावी, अथवा त्यांना सक्तीने निवृत्त करावे, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना निवृत्तीपर्यंत वर्गावर राहता येईल. पण परीक्षेवाचून बढती मिळणार नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. या निकालानंतर 23 नोव्हेंबर 2025 रोजी राज्यात जी पात्रता परीक्षा झाली, तिला नव्या उमेदवारांच्या बरोबरीने वीस-वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेले गुरुजी आणि बाईही बसल्या. ज्याला बाराखडी शिकविली तो मुलगा एका बाकावर आणि त्याचे गुरुजी त्याच्या मागच्या बाकावर, असे दृश्य कोठे दिसले असल्यास त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या प्रश्नावर आमची भूमिका आम्ही आरंभीच स्पष्ट करू इच्छितो. शिक्षक हा पात्र असला पाहिजे, आणि त्याची पात्रता कोणाच्या तरी शिफारशीने नव्हे तर निश्चित कसोटीने ठरली पाहिजे, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. आजारी मुलाला आपण वैदूच्या हाती देत नाही. मग निरोगी मुलाचे मन मात्र कोणाच्याही हाती का द्यावे? तेव्हा परीक्षेला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न निराळाच आहे. या राज्यात शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या कपाळावर एकामागून एक चार शिक्के मारले जातात. आणि चौथा शिक्का बसेपर्यंत पहिल्या तिन्हींवर शिक्के मारणाऱ्याचाच विश्वास नसतो! ज्या सरकारचा आपल्याच सहीवर भरवसा नाही, त्याने दुसऱ्याच्या पात्रतेचा निवाडा कोणत्या तोंडाने करावा?

शिडी आणि तिच्या पायऱ्या

बारावी उत्तीर्ण झालेल्या एखाद्या मुलीने विचारले की, 'मला शाळेत बाई व्हावयाचे आहे, त्यासाठी मी काय करू?' तर तिला काय सांगावे लागेल, ते पाहा. बारावीत निम्म्याच्या आसपास गुण असतील, तर तिने प्रथम अध्यापक विद्यालयात प्रवेश घ्यावा. ज्याला लोक अजूनही डी.एड. म्हणतात आणि सरकारदरबारी ज्याचे नाव आता डी.एल.एड. आहे, तो प्राथमिक शिक्षणशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तो संपला की पहिला शिक्का मिळाला. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी तिची पहिली प्रश्नपत्रिका आणि सहावी ते आठवीसाठी दुसरी. ही परीक्षा राज्यात प्रथम 15 डिसेंबर 2013 रोजी झाली. तिच्यात शेकडा 60 गुण, आणि राखीव प्रवर्गांतील उमेदवारांना शेकडा 55 गुण मिळवावे लागतात. हा दुसरा शिक्का. पूर्वी तो सात वर्षांनी पुसला जात असे. 2021 साली केंद्राने तो आजन्म कायम केला, एवढे तरी बरे झाले.

दोन शिक्के मिळाले म्हणजे मुलगी शिक्षिका झाली, असे समजण्याची चूक कोणी करू नये. ती केवळ अर्ज करण्यास पात्र झाली! आता तिने शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावयाची. तिच्यात उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा प्रकार नाही. जे गुण पडतील त्यांवर 'पवित्र' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर तिचा क्रम लागणार. तो लागण्यासाठी आधी पदांची जाहिरात निघावी लागते, जाहिरात निघण्यासाठी संचमान्यता व्हावी लागते, बिंदुनामावली तपासली जावी लागते, आणि मध्ये कोणी न्यायालयात गेले नाही तर निवड यादी लागते. हा तिसरा शिक्का. यादीत नाव आले की नेमणूक मिळते, पण ती 'शिक्षण सेवक' म्हणून. तीन वर्षे मानधनावर काम केल्यावर आणि ते समाधानकारक ठरल्यावर चौथा शिक्का बसतो, आणि मग ती खरीखुरी शिक्षिका!

माध्यमिक शाळेत जावयाचे असेल तर वाट थोडी वेगळी. पदवी घ्यावी, प्रवेश परीक्षा द्यावी, 2015 पासून दोन वर्षांचा झालेला बी.एड. अभ्यासक्रम पुरा करावा. नववी-दहावीसाठी एवढे पुरते, अकरावी-बारावीसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. तेथे पात्रता परीक्षेचे बंधन नाही, परंतु अभियोग्यता चाचणी चुकत नाही. बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमता येईल, अशी अधिसूचना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 28 जून 2018 रोजी काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी तो दरवाजा बंद केला. न्यायालयाचे म्हणणे योग्यच होते, कारण सहा वर्षांच्या मुलाला शिकविणे हे सोळा वर्षांच्या मुलाला शिकविण्याहून निराळे शास्त्र आहे. पण मधल्या पाच वर्षांत ज्यांनी त्या अधिसूचनेवर विसंबून आपला मार्ग ठरविला, त्यांनी दाद कोणाकडे मागावयाची? आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक नवी वाट दाखविली आहे. 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हावी, असे ते धोरण सांगते. तेव्हा आज अध्यापक विद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीने नोकरीच्या दारात पोहोचेपर्यंत त्या दाराचे कुलूप बदललेले नसेल, याची हमी तिला कोण देणार?

नापास कोण झाले?

आता या शिक्क्यांची किंमत तपासू. पात्रता परीक्षेत 150 प्रश्न असतात आणि वेळ 150 मिनिटांचा असतो. दिलेल्या चार उत्तरांपैकी एक निवडावयाचे. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास असे विषय. अभियोग्यता चाचणीत 200 प्रश्न आणि वेळ दोन तास; म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. एवढ्या वेळात उमेदवाराची स्मरणशक्ती आणि चपळाई समजेल. नाही असे नाही. पण चाळीस मुलांच्या वर्गात तिसऱ्या रांगेतला एक मुलगा गेले आठ दिवस गप्प का आहे, हे त्याच्या लक्षात येते की नाही, हे कोणत्या प्रश्नपत्रिकेने समजणार? एकाच खोलीत बसलेल्या पहिली आणि तिसरीला एकाच वेळी कसे गुंतवून ठेवावे, घरी कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी पाठ्यपुस्तकापर्यंत कसे आणावे, हातचा घेण्याचे गणित ज्याला तीनदा सांगूनही उमजले नाही त्याला चौथ्यांदा निराळ्या रीतीने कसे सांगावे, याचे उत्तर चार पर्यायांत कोठेच नसते. ते वर्गातच द्यावे लागते आणि वर्गातच तपासावे लागते.

या पात्रता परीक्षेत शंभरांत दहा उमेदवारही पार पडले नाहीत, अशी वर्षे या राज्यात एकामागून एक गेली आहेत. निकाल लागला की 'भावी गुरुजी नापास' असा मथळा द्यावयाचा आणि तरुण पिढीच्या बुद्धीविषयी चार उसासे टाकावयाचे, एवढ्याने आपले कर्तव्य संपले असे मानण्याची प्रथा पडली आहे. पण या नापासीचा खरा धनी कोण, हे कोणी विचारीत नाही. अध्यापक पदविकेची परीक्षा घेते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. पात्रता परीक्षा घेते तीही महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदच. एका हाताने ज्याला 'हा शिकविण्यास योग्य आहे' असे प्रमाणपत्र दिले, त्यालाच दुसऱ्या हाताने 'तू अपात्र आहेस' असे सांगावयाचे! यातले एक विधान तरी खोटे असलेच पाहिजे. पदविका खरी असेल तर ही परीक्षा भलतेच काही तरी मोजते. आणि परीक्षा खरी असेल तर पदविका हा निव्वळ कागद आहे. कोणतेही उत्तर घेतले तरी दोष उमेदवाराच्या दारी येत नाही. तो येतो मंत्रालयाच्या दारी.

आणि पदविकेचा कागद कसा झाला, हे तर जगजाहीर आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात अध्यापक विद्यालयांचे पीक आले. साखर कारखाना निघाला की त्याच्यामागून अध्यापक विद्यालय, आणि आमदार निवडून आला की त्याच्यापाठोपाठ दुसरे, असा तो काळ होता. राज्यात त्यांची संख्या हजारावर गेली. त्याहून आणखी 291 संस्थांना मान्यता देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माजी सरन्यायाधीश न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सबंध देशातील शिक्षक-प्रशिक्षणाची झडती घेणाऱ्या त्या आयोगाचे निमित्त महाराष्ट्राने पुरविले, हा काही आपल्या अभिमानाचा विषय नव्हे! 2012 च्या अहवालात त्या 291 पैकी बहुसंख्य संस्था अयोग्य ठरल्या. शिक्षक घडविणाऱ्या संस्थांपैकी शेकडा 90 च्या आसपास संस्था खासगी हातांत आहेत, हेही त्या आयोगाने दाखवून दिले. पुढे शिक्षकांची भरतीच थांबल्यावर ही विद्यालये विद्यार्थ्यांवाचून ओस पडली आणि कित्येकांना टाळी लागली. इमारती उरल्या, पदविका उरल्या. राहिले ते त्या पदविकांवर कर्ज काढलेले आईबाप.

महाराष्ट्राला हे ठाऊक नव्हते काय?

शिक्षक कसा घडवावा, हे महाराष्ट्राला कोणी परक्याने शिकविण्याची गरज नव्हती. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाविषयी दोन मागण्या शेजारीशेजारी होत्या. तो प्रशिक्षित असावा, ही एक. आणि त्याचा पगार पुरेसा, निदान बारा रुपये, मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये असावा, ही दुसरी. शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून यावा, म्हणजे तो गावाच्या मुलांत मिसळेल, असेही त्यांनी सुचविले होते. त्याच्याकडे गावातील काही कामे सोपवावीत, ही सूचनाही त्यांचीच. पण ती कशासाठी? तर गावात त्याचा दर्जा वाढावा म्हणून. आजही आमच्या शिक्षकाकडे कामे पुष्कळ सोपविलेली आहेत. मतदारयाद्या आहेत, सर्वेक्षणे आहेत, खिचडीचा हिशेब आहे, रोज नव्या ॲपवर भरावयाची माहिती आहे. त्यांपैकी एकाही कामाने त्याचा दर्जा तसूभरही वाढलेला नाही.

त्यानंतर अर्धशतकाने, 1935 साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यांतून आलेली मुले तेथे शिकली आणि शिक्षक होऊन पुन्हा खेड्यांतच गेली. संस्थेने गावोगाव उघडलेल्या शाळांना लागणारी माणसे संस्थेनेच घडविली. किती शाळा उघडावयाच्या आणि त्यांना किती शिक्षक लागतील, याचा मेळ तेथे आधी घातला जाई. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याची तऱ्हा आणखीच निराळी. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, गुरे राखावयास गेली तर कुरणात न्यावी, हे त्यांना पुस्तकाने सांगितले नव्हते, मुलांनीच सांगितले. बालवाडीच्या शिक्षिका तयार करावयाच्या त्या मुलांच्या समोर आणि मुलांच्या मध्ये, हा त्यांचा धडा होता. या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. शिक्षकाची कसोटी मुलांच्या सहवासात लागते, आणि ती लावणाऱ्याने त्याच्या पोटाची जबाबदारी घेतलेली असते. आज आपण पहिली गोष्ट टाळली आणि दुसरी विसरलो.

प्रतीक्षेचा बाजार

विसरलो किती, त्याचा हिशेब सांगतो. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले उघडकीस आली. शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि 2 मे 2012 रोजी सरकारने भरतीच बंद केली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण शाळेत शिकविताना यापुढे वेगळे उदाहरण देण्याची गरज नाही. पट फुगविणारे संस्थाचालक कोठे अडकून पडल्याचे दिसले नाही. अडकला तो त्या वर्षी पदविका घेऊन बाहेर पडलेला तरुण. पहिली अभियोग्यता चाचणी व्हावयास 2017 चा डिसेंबर उजाडला. तिच्यावरून मोठी निवड यादी लागली ती 2019 साली. दुसरी चाचणी 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, आणि 2024 च्या फेब्रुवारीत अकरा हजारांच्या आसपास उमेदवारांची यादी आली. तिसरी चाचणी 2025 च्या मे-जूनमध्ये झाली. याचा अर्थ असा की, 2012 साली वयाच्या विसाव्या वर्षी जो शिक्षक होण्यास तयार होता, त्याचे नाव 2024 च्या यादीत लागले असेल तर तो बत्तिशीला आलेला होता. मधली बारा वर्षे त्याने पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेची खुर्ची भाड्याने घेऊन, अथवा खासगी शिकवणीत तासावर राबून काढली. एक तप झाले! पूर्वी तपाच्या अखेरीस देव प्रसन्न होत असत. येथे शिक्षण सेवकाचे मानधन प्रसन्न होते.

ते मानधन तरी किती? 2000 साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाला दरमहा 3,000 रुपये मिळत. पुढे ते 6,000 झाले, आणि 1 जानेवारी 2023 पासून प्राथमिकसाठी 16,000, माध्यमिकसाठी 18,000 व उच्च माध्यमिकसाठी 20,000 रुपये करण्यात आले. शेजारच्या वर्गावर तेच काम करणाऱ्या कायम प्राथमिक शिक्षकाचे नुसते मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 29,200 रुपयांपासून सुरू होते. 2023 च्या जुलैत रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना 20,000 रुपयांवर नेमण्याचा निर्णय सरकारने घेतला. म्हणजे ज्याला निवृत्तिवेतन आहे त्याला वीस हजार, आणि ज्याच्या संसाराचा आरंभ व्हावयाचा आहे त्याला सोळा! हे कोणत्या अंकगणितात बसते, ते पात्रता परीक्षेच्या गणिताच्या प्रश्नांत एकदा विचारावे.

जेथे प्रतीक्षा लांबते तेथे दलाल उभा राहतो, हा बाजाराचा नियम आहे. 2021 च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आणला, तेव्हा परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. 2019-20 च्या परीक्षेतील पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवारांवर 2022 साली कारवाई झाली. ज्यांनी पैसे देऊन गुण घेतले त्यांची आम्ही कीव करणार नाही. त्यांना वर्गाबाहेर ठेवणेच योग्य. पण ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला त्यांच्या प्रमाणपत्राकडेही त्यानंतर लोक डोळे किलकिले करून पाहू लागले, ही भरपाई कोण करणार? 2025 साली नागपुरात नियमबाह्य नेमणुका झालेल्या शेकडो जणांना 'शालार्थ' क्रमांक देऊन सरकारी तिजोरीतून पगार दिल्याच्या आरोपावरून शिक्षण खात्याचे अधिकारी गजाआड गेले. इकडे चार शिक्के मारून घेण्यात तरुणाचे तारुण्य सरते. तिकडे एका क्रमांकावर काम भागते!

कायद्याची उरलेली कलमे

सरकार म्हणेल की, पात्रतेचा आग्रह आमचा नाही, कायद्याचा आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यातील 23 व्या कलमात तो आहे, ही गोष्ट खरी. पण त्या कायद्यात 23 वे कलम एकटेच नाही. प्राथमिक वर्गांना दर 30 मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला दर 35 मुलांमागे एक शिक्षक असावा, असे तोच कायदा सांगतो. शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या शेकडा 10 हून अधिक असू नयेत, असे 26 वे कलम बजावते. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांवाचून अन्य बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकास जुंपू नये, असे 27 वे कलम सांगते. शिक्षकाला लागू होणारे कलम अक्षरशः पाळावयाचे आणि सरकारला लागू होणारी कलमे कपाटात ठेवावयाची, ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे. कायद्याची सोयीस्कर निवड आहे.

सेवेतील शिक्षकांचा प्रश्न याच उजेडात पाहिला पाहिजे. 23 ऑगस्ट 2010 च्या ज्या अधिसूचनेने पात्रता परीक्षा आली, तिनेच आधी नेमलेल्या शिक्षकांना तिच्यातून वगळले होते. त्या काळच्या नियमांप्रमाणे जे नेमले गेले त्यांनी कोणालाही फसविलेले नाही. 'आमची परीक्षाच घेऊ नका' असे कोणी म्हणत असेल, तर त्यास आमचा पाठिंबा नाही. वीस वर्षांत ज्याने एकही नवे पुस्तक उघडले नाही अशा शिक्षकाला अनुभवाची ढाल पुढे करण्याचा अधिकार नाही. परंतु वीस वर्षे शिकविलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या वर्गात घ्यावी. त्याची मुले वाचतात काय, लिहितात काय, प्रश्न विचारतात काय, हे पाहावे. तशी कसोटी कायद्यात आणावयाची असेल तर ती संसदेने आणावी लागेल, आणि त्यासाठी महाराष्ट्राने दिल्लीत आवाज उठवावा. तोवर निकाल शिरोधार्य आहे. मग त्याचे पालन करण्यास शिक्षकाला मदत करणे हे सरकारचे काम नव्हे काय? 2027 च्या ऑगस्टअखेर मुदत भरते. त्याच 2027 साली जनगणना व्हावयाची असल्याचे केंद्राने जाहीर केले आहे. दिवसा शाळा, सायंकाळी घरोघर गणना आणि रात्री बालमानसशास्त्र, अशी त्याची तिहेरी परीक्षा घेऊन नापासीचा ठपका मात्र एकट्याच्या माथी मारावयाचा, हा न्याय नाही.

आता काय केले पाहिजे?

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत, आणि त्यांतील बहुतेकांना पैसाही फारसा लागत नाही. पहिली मागणी अशी की, पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, जाहिरात आणि निवड यादी या चारही गोष्टींचे वार्षिक वेळापत्रक सरकारने प्रसिद्ध करावे आणि ते पाळावे. दहावी-बारावीच्या लाखो मुलांच्या परीक्षा हेच राज्य दरवर्षी ठरल्या वेळी घेते. मग शिक्षकांच्या परीक्षेलाच मुहूर्त का मिळू नये? दुसरी मागणी ही की, पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी यांचा एकच मेळ घालावा, आणि जी एक परीक्षा राहील तिच्यात प्रत्यक्ष पाठ घेण्यास स्थान द्यावे. उमेदवाराने पाठटाचण काढावे, वर्गापुढे उभे राहावे आणि जाणत्या शिक्षकांनी त्याचे मूल्यमापन करावे. त्यात वशिलेबाजी शिरेल, ही भीती खरी आहे. म्हणून परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातील असावेत आणि पाठाचे चित्रमुद्रण राखून ठेवावे. वशिलेबाजी काय, ती प्रश्नपत्रिकेतही शिरलीच की!

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. पहिला शिक्का खरा करा. अध्यापक विद्यालये थोडी असोत, पण त्यांच्या शेजारी चालती शाळा असो; छात्राध्यापकाची आंतरवासिता ही पाठांच्या वहीवर सह्या गोळा करण्याची मोहीम न राहता पुरे एक सत्र मुलांमध्ये काढण्याची उमेदवारी होवो. राज्याला पुढील पाच वर्षांत किती शिक्षक लागणार, ते निवृत्तीच्या तारखांवरून आजच सांगता येते. तेवढ्यांनाच प्रवेश द्या आणि जे उत्तीर्ण होतील त्यांना पद द्या. पहिला शिक्का खरा झाला की दुसऱ्या-तिसऱ्याची गरज आपोआप कमी होईल. चौथी मागणी, शिक्षण सेवक हे पद रद्द करा. परिवीक्षेचा काळ अवश्य असावा, पण तो पूर्ण वेतनावर असावा. ज्याच्या हाती आपण संबंध पिढी सोपवितो त्याला पहिली तीन वर्षे अर्धपोटी ठेवून आपण कोणती गुणवत्ता वाढवितो, ते शिक्षण खात्याने एकदा लोकांना समजावून सांगावे. आणि पाचवी मागणी सेवेतील शिक्षकांसाठी: मुदत संपेपर्यंत पात्रता परीक्षा वर्षातून निदान दोनदा घ्या, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमधून तिची तयारी करून घ्या, आणि परीक्षेपूर्वी अभ्यासासाठी रजा द्या.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. दलालाच्या वाटेला जाऊ नका. लाखो रुपये देऊन मिळालेली नोकरी ही आयुष्यभर कोणाची तरी चाकरी होते, आणि पोलीस दारी आले म्हणजे दलाल कोठे सापडत नाही. परीक्षेचा अभ्यास करा, पण त्याचबरोबर आठवड्यातून दोन तास आपल्या वस्तीतील चार मुले घेऊन बसा. तुम्हाला शिकविणे आवडते की नाही, हे कोणतीही परिषद सांगू शकणार नाही. ती मुले महिन्याभरात सांगतील. ज्याला ते आवडत नाही त्याने स्थिर पगारासाठी या वाटेला येऊ नये. ज्याला आवडते त्याने मात्र निराश होऊन ही वाट सोडू नये, कारण या राज्याला त्याची गरज आहे.

ती गरज किती, हे मेळघाटात, अक्कलकुव्यात, गडचिरोलीच्या आतल्या गावांत जाऊन पाहावे. तेथे द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक बदलून गेला वा निवृत्त झाला की दुसरा चार वर्ग एका खोलीत घेतो. आणि तो पंचायत समितीच्या बैठकीला गेला की शाळेला कुलूप. त्या मुलांना शिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या वर्षाचे आहे, याच्याशी कर्तव्य नाही. सकाळी दार उघडले पाहिजे आणि आत कोणी तरी शिकविणारे माणूस पाहिजे, एवढीच त्यांची मागणी आहे. जिचे एक वर्ष असे गेले ती मुलगी चौथीत येऊनही वाचू शकत नाही. आणि तिचे ते वर्ष कोणत्याही पुरवणी यादीने तिला परत मिळत नाही. शिक्षकाला दोन वर्षांची मुदत मिळाली आहे. सरकारला मुदत कोणी घालून द्यावयाची? न्यायालयाने घालून देण्याची वाट न पाहता शिक्षणमंत्र्यांनी ती स्वतःच घालून घ्यावी, आणि पुढील भरतीच्या जाहिरातीची, निवड यादीची व नेमणुकीची तारीख विधिमंडळात उभे राहून जाहीर करावी. तेवढे केले तरी त्यांच्या पात्रतेचा पहिला पुरावा महाराष्ट्राला मिळेल.